बड्याचं सालन आणि आपले लेखक

शाहू पटोले यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या चुलीवरचे मांस, उन्हात वाळवलेल्या चान्या, सगळे त्यांनी न लाजता लिहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गाईपाठोपाठ बैलाची कत्तलही बंद झाली, उरली म्हैस. या पुस्तकात उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या मुस्लिम घरांतले पातेले शोधणे अन्यायाचे होईल. तक्रार आहे ती आपल्याच लेखकांविषयी. आपल्या कथांत दंगल येते, बंदी येते, ईदेची बिर्याणीही येते. बड्याचं सालन सहसा येत नाही. (पाहुण्यांपुढे तरी कुठे येते!) म्हशीचे गोश्त चिवट. कांदा लाल करायचा, आले-लसूण, हळद, तिखट, हाडासकट तुकडे, मग मंद आचेवर दोन-तीन तास. बटाटा अगदी शेवटी, नाहीतर विरघळतो. एवढा धीर आपल्या गद्यात दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या कल्याणला लेकीकडे निघालेल्या वृद्धाला रेल्वेत जवळच्या मांसावरून मारहाण झाली. त्यावर आपण निषेधाच्या कविता लिहू, लिहायलाच हव्यात. पण लेकीच्या घरी त्या दिवशी कोणता मसाला वाटला जाणार होता, ते लिहिणारी कथा मला हवी आहे.