महाग इअरफोन आणि ज्याचा त्याचा कान

कानात बसवायच्या महाग इअरफोनची तुलना करणारे लेखन हल्ली पुष्कळ वाचायला मिळते. एकाचा आवाज ‘उबदार’, दुसऱ्याचा ‘स्वच्छ’, तिसऱ्याचा ‘भरदार’ अशी विशेषणे त्यात असतात आणि शेवटी गुण दिलेले असतात. किमती लाखाच्याही पुढे जातात. एवढी रक्कम मोजण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा. परीक्षकाने ऐकले ते इअरफोनचे गुण होते, की त्याच्या स्वतःच्या कानाचे?

कर्णनलिका ही सुमारे २५ मिलिमीटर लांबीची, आतल्या टोकाला पडद्याने बंद असलेली नळी आहे. वर्गात शिकवतो तो अनुनाद नळीचा नियम तिला लावून पाहू. एका टोकाला बंद नळीत पहिला अनुनाद होतो तेव्हा नळीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असते. कानातल्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर कंप्रता ३५० ÷ (४ × ०.०२५), म्हणजे ३,५०० हर्ट्झ येते. प्रत्यक्षात ती ३,००० च्या आसपास असते, कारण कान ही आदर्श नळी नव्हे. उघड्या कानाला मिळणारी ही वाढ इअरफोन घालताच नाहीशी होते, कारण नळीचे दुसरे तोंडही बंद होते. आता अनुनाद अर्ध्या तरंगलांबीवर होतो. टोपी आणि पडदा यांत २० मिलिमीटर अंतर उरले, तर तो सुमारे ८,७५० हर्ट्झला होतो. इअरफोन आणखी ५ मिलिमीटर आत गेला, तर ११,७०० ला. ‘स’ या वर्णाचा सीत्कार साधारण ५ ते ९ हजार हर्ट्झमध्ये असतो. त्यामुळे एकच इअरफोन एकाला बोचरा आणि दुसऱ्याला सौम्य वाटला, तर दोघेही खरेच बोलत असतात.

खालच्या स्वरांचे कारण निराळे आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने पुरते दाबले नाही आणि दट्ट्या हळू ढकलला, तर हवा फटीतून निसटते व दाब चढत नाही. झटक्याने ढकलला, तर तेवढा वेळ हवेला मिळत नाही. कानातही तेच घडते. टोपीभोवती बारीक फट राहिली, की मंद कंपने वाया जातात, जलद कंपने टिकतात.

आता तीन नामांकित रचना पाहू. एटिमोटिक कंपनीचा ‘ईआर-४’ १९९१ साली आला. श्रवणयंत्रांत वापरतात तसा चुंबकांमधला सूक्ष्म लोखंडी पत्रा त्यात कंप पावतो. कान बंद केल्याने गेलेली ३,००० हर्ट्झची वाढ परत देणे हा त्याच्या आखणीचा पाया. तीन चकत्यांची टोपी खोलवर बसते, म्हणून बाहेरचा गोंगाट उत्तम अडतो. पण ही खोली अनेकांना सोसत नाही. शुअरच्या २०१३ च्या ‘एसई-८४६’ मध्ये असे चार घटक आहेत आणि नळीतले छोटे भाग बदलून वरचे स्वर कमीजास्त करता येतात. कान वेगवेगळे असतात हे मान्य करणारी ही सोय आम्हाला मोलाची वाटते. सेन्हायझरच्या २०२१ च्या ‘आयई-९००’ मध्ये ७ मिलिमीटरचा एकच छोटा ध्वनिक्षेपक आहे. घटकांची संख्या म्हणजे दर्जा नव्हे, हे त्यावरून दिसते.

कळंब्याला काही शिक्षकांसोबत आम्ही हे तिन्ही ऐकले. परीक्षेसाठी निवडला तानपुरा. मिरज जवळच, शिवाय जवारीमुळे तानपुऱ्यात उपस्वरांची रेलचेल असते, सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तिच्यावर लिहिले होते. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार ६९ हर्ट्झची. टोपी सैल असली, की हा मूळ स्वर दुबळा होई. तरी खर्ज ओळखू येई, कारण मेंदू उपस्वरांवरून मूळ स्वर ताडतो. मात्र तो पोकळ वाटे. एका शिक्षिकेने तिन्हींना ‘पातळ’ ठरवले होते. मोठ्या मापाची टोपी लावताच त्यांचे मत तिन्हींबद्दल बदलले. टोपीच्या मापाने पडलेला फरक तीन इअरफोनमधल्या फरकाहून मोठा होता.

तुलनेत आणखी एक चकवा आहे. एखादा डेसिबेल मोठा आवाज ‘अधिक चांगला’ वाटतो. म्हणून आम्ही प्रत्येक इअरफोन प्लास्टिकच्या आखूड नळीत मापकासमोर घट्ट बसवून ५०० हर्ट्झच्या स्वराची पातळी आधी सारखी केली. डोळे बांधले, तरी कानाला आकार कळतोच. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह व सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: अनेक इअरफोनचे मोजलेले प्रतिसाद एकाच इअरफोनमधून ऐकवायचे. ध्वनीची तुलना त्यामुळे निकोप होते, पण कानात बसण्याचा प्रश्न तिच्याबाहेरच राहतो. येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली अडीचशेहून अधिक हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास केला, तेव्हा कंप्रता-प्रतिसाद आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही.

नीट बसण्याचे महत्त्व केवळ आनंदापुरते नाही. गारगोटी रस्त्याने कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये विद्यार्थी इंजिनाच्या वर ऐकू यावे म्हणून आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबेल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो, म्हणजे प्रौढांसाठी ८९ डेसिबेलला अवघे ५ तास. घट्ट बसलेली टोपी गोंगाट वीस-तीस डेसिबेलने कमी करते, मग आवाज वाढवावाच लागत नाही. अर्थात रस्त्यावर चालताना असा बंद कान धोक्याचा.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. टोपीचे माप, ती किती खोल बसली आणि पातळी कशी सारखी केली, हे न सांगणारी तुलना एका कानाचा वृत्तांत म्हणून वाचावी. नवा इअरफोन घेण्याआधी जुन्याला वेगळ्या मापाची टोपी लावून तानपुरा ऐकावा. पुष्कळांचा शोध तिथेच संपेल.