मुक्तीतलं रडणं कोणत्या खात्यात?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेर जे घडलं, त्याबद्दल ख्रिस्ती मंडळींत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपल्या बडोद्याच्या मंडळींनी त्यात लक्ष घालण्याचं कारण वेगळं आहे. संवत 1956 च्या दुष्काळात, म्हणजे ज्याला इकडे आजही छप्पनियो म्हणतात त्या दुष्काळात, पंडिता रमाबाईंनी गुजराथेत माणसं पाठवून अनाथ मुली केडगावला नेल्या. त्याआधी 1897 मध्ये त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या होत्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या होत्या. म्हणजे 1905 च्या त्या रात्री केडगावात ज्या रडल्या, त्यांतल्या कितीतरी जणी आपल्याच मुलखातल्या. त्यांचं रडणं इतिहासात कसं नोंदवलं गेलं, एवढ्यापुरतं हे टिपण.

नोंद करणाऱ्यांत मुख्य मिनी अब्राम्स. या अमेरिकन मिशनरी बाई रमाबाईंच्या सहकारी होत्या. त्यांची ‘द बाप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर’ ही पुस्तिका 1906 ची. हकीगत अशी : 29 जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका तरुणीला आपल्या अंगात आग शिरल्यासारखं झालं. शेजारी झोपलेलीला ती खरीच पेटलेली दिसली, म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की जळत काहीच नाही. तासाभरात आवारातल्या बहुतेक तरुणी रडत, प्रार्थना करत, पापं कबूल करत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुलींनी एकदम मोठ्यानं प्रार्थना सुरू केली आणि धडा तिथेच थांबला. पुढे शेकडो जणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत, हा मुक्तीचा शिरस्ताच झाला.

बादलीचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्या बाई प्रामाणिक आहेत, शोभेसाठी काही घालत नाहीत, हे त्यातून कळतं. तारीख आहे, वेळ आहे, कोण कुठे झोपलं होतं तेही आहे. माझी तक्रार निरीक्षणाबद्दल नाही, त्यावर लावलेल्या शीर्षकाबद्दल आहे. या वर्णनात अश्रूंना एकच खातं आहे : पापाचा पश्चात्ताप. मुलगी रडली म्हणजे तिला पापाची जाणीव झाली. मग कबुली, मग क्षमा, मग आनंद. रडणं हे या वाटेवरचं ठरलेलं स्टेशन, आणि गाडी आनंदाला पोचली की काम झालं.

आता साधी वजाबाकी करा. 1900 मध्ये आठ वर्षांची असलेली गुजराथेतली मुलगी 1905 मध्ये तेरा वर्षांची. 1897 मध्ये आठ वर्षांची असलेली मध्य प्रांतातली मुलगी सोळाची. आईबापांना अन्नावाचून मरताना पाहिलेल्या, भावंडं वाटेत गमावलेल्या अशा या मुली. दुष्काळ त्यांच्यापासून पाच ते आठ वर्षांच्या अंतरावर होता, फार लांब नव्हे. पहाटे साडेतीनला एकीचा हुंदका ऐकून दुसरीला रडू फुटलं, तर ते कशासाठी? पुस्तिकेतली ती रात्र वाचताना हा प्रश्न लेखिकेला पडलेला दिसत नाही.

मुद्दा ख्रिस्ती धर्माबाहेरचा आहे असंही नाही. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात हन्ना आहे. मूल नाही आणि सवत टोचून बोलते, म्हणून ती शिलोच्या मंदिरात जाऊन रडरडून प्रार्थना करते. तिचं पाप काहीच नाही, दुःख आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. दारापाशी बसलेला याजक एली तिच्याकडे पाहतो आणि ठरवतो की बाई दारू पिऊन आली आहे. बायबल इथे निःसंदिग्धपणे हन्नाच्या बाजूनं आहे. तिनं त्याला सरळ उत्तर दिलं, त्यालाही आपलं अनुमान मागे घ्यावं लागलं, आणि तिची प्रार्थना ऐकली गेली. पेत्राचं रडणं पश्चात्तापाचं, हे खरंच. पण लाजराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडतो, ते कोणत्या पापाचं? शास्त्रात किमान दोन खाती उघडी असताना वृत्तांतात एकच का वापरलं, एवढंच माझं विचारणं आहे.

अश्रूंची किंमत ठरवण्याचा खटाटोप ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. वाळवंटातल्या तापसांनी अश्रूंना देणगी मानलं. सातव्या शतकातल्या योहान क्लिमाकसनं आपल्या शिडीची सातवी पायरी शोकालाच दिली. लॅटिन मिसाच्या पुस्तकात तर अश्रू मिळावेत म्हणून खास प्रार्थना होती. देवानं खडकातून पाणी काढलं तसं आमच्या कठीण मनातून काढावं, असा तिचा आशय. म्हणजे रडू येत नाही ही अडचण मानली जाई! आपल्याकडच्या अष्टसात्त्विक भावांतही अश्रू आहेत, कंप आहे, स्वरभंग आहे. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या रमाबाईंना ती यादी मुखोद्गत असणार. पण एवढ्यावरून मुक्तीतलं रडणं म्हणजे वेषांतर केलेली भक्ती, असं म्हणायला मी तयार नाही. शरीर सगळीकडे सारखंच असतं.

या बाबतीत सगळ्यात चोख हिशेब ठेवला तो जेज्विटांचा संस्थापक इग्नाती लोयोला यानं. त्याची 1544-45 ची खासगी रोजनिशी आहे. सुरुवातीला ती सविस्तर आहे, पुढेपुढे नुसतं लॉगबुक होते : आज मिसेआधी अश्रू, मिसेत अश्रू, नंतर अश्रू, प्रत्येकासाठी एकेक अक्षराची खूण. नोकरीत लॉगबुकं तपासण्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला ती पाहून मौज वाटते. रडून डोळे दुखतात याचीही नोंद त्यात आहे. आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात तो साधकाला पापांबद्दल अश्रू मागायला सांगतो, आणि पुढे ख्रिस्ताच्या दुःखासाठीही मागायला सांगतो.

पण याच माणसानं 1553 मध्ये निकोलस गौडा नावाच्या आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. गौडाची तक्रार अशी की मला अश्रूंची देणगी नाही. इग्नातीचं उत्तर थोडक्यात असं : ती सगळ्यांना लागतेच असं नाही. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल मनात खरी कळकळ असेल आणि हातून होईल ती मदत होत असेल, तर डोळे कोरडे राहिले तरी बिघडत नाही. काही जणांना तर, देणं माझ्या हातात असतं तरी, मी ही देणगी दिली नसती, कारण त्यानं प्रेम वाढत नाही आणि डोकं-शरीर मात्र बिघडतं. रोज मोजणाऱ्या माणसानं दिलेला हा निर्वाळा आहे, म्हणून त्याला वजन आहे. अश्रू हा पुरावा नव्हे. त्याच्या मागे काय आहे आणि पुढे काय होतं ते पाहा.

या कसोटीला मुक्ती ‘पुढे काय’च्या बाजूनं चांगली उतरते. रमाबाईंच्या आवाहनावरून तीस तरुणींनी शिक्षण बाजूला ठेवून गावोगाव प्रचाराला जाण्याची तयारी आधीच दाखवली होती, आणि नंतर ही संख्या वाढत गेली. ‘मागे काय’ या बाजूनं मात्र वृत्तांत लंगडा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, मुली स्वतःच पापं सांगत होत्या. तुम्ही कोण त्यांना खोटं ठरवणारे? मी खोटं ठरवत नाही. माणूस एकाच रडण्यात दोन गोष्टींसाठी रडू शकतो. उलट आजकाल जे लिहितात की तो सगळा दुष्काळाचा मानसिक आघात होता, धर्म नुसता निमित्ताला, त्यांचंही खातं एकच. फक्त नाव बदललं. दुसरा आक्षेप, एकीचं पाहून दुसरी रडली, म्हणजे ती साथ होती. पण मर्तिकाच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, शेजारीण आपल्या दहा वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाला आठवून रडते, त्याला आपण खोटं रडणं म्हणत नाही. जमलेल्या रडण्यात प्रत्येकीला आपलं रडू काढायला जागा मिळते. मुक्तीच्या प्रार्थनामंदिरानं ती जागा दिली, हे त्या प्रार्थनेचं मोठं आध्यात्मिक मोल मला वाटतं, आणि वृत्तांतात नेमकं तेच निसटलं.

रमाबाईंची भूमिका यात निराळी दिसते. आरडाओरडा, अंग थरथरणं यावर गोऱ्या मिशनऱ्यांकडून टीका झाली, तेव्हा ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रकात 1907 मध्ये त्यांनी ठणकावून विचारलं की पवित्र आत्म्यानं पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या चौकटीतच का राहावं. इथल्या माणसांना आपल्या पद्धतीनं व्यक्त होऊ द्या. हे धैर्याचं होतं. पण तो युक्तिवाद रडण्याच्या रीतीपुरता आहे, कारणापर्यंत जात नाही.

कारण त्यांना ठाऊक नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. 1897 च्या दुष्काळी मुली पाहून त्यांनी स्वतःच्या लहानपणीचा दुष्काळ लिहून काढला होता, आणि 1907 च्या आत्मकथनात तो पुन्हा आला. घरात खायला उरलं नाही तेव्हा वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, जलसमाधी घ्यायचं ठरवलं. म्हातारे, आंधळे झालेले शास्त्रीबुवा एकेकाचा निरोप घेत होते. सगळ्यात धाकट्या रमेला त्यांनी घट्ट जवळ घेतलं आणि तुटक शब्दांत सांगितलं की मी तुझ्यावर किती माया केली ते विसरू नकोस, आणि देवाची सेवा सोडू नकोस. जलसमाधी टळली, पण 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. ख्रिस्ती होऊन वीस-पंचवीस वर्षं झाल्यावरही रमाबाईंनी हा निरोप लिहिताना वडिलांच्या त्या शेवटच्या क्षणाला पापाच्या रकान्यात टाकलेलं नाही. त्यांचा देव वेगळा होता हे त्या सांगतात, आणि त्यांनी देवाकडे मागितलेलं आपल्या आयुष्यात खरं झालं, हेही सांगतात.