भिंतीवरचा बुडबुडा

दिवाणखान्यात टांगलेल्या निरागस मुलाच्या चित्राकडे आपण सजावट म्हणून पाहतो. ‘गोड आहे’ एवढे म्हणतो आणि पुढे जातो. या गोडव्याला इतिहास आहे आणि तो बराचसा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या रंगीत छपाईने घडवला, असे माझे मत आहे. ते पडताळण्यासाठी सर जॉन एव्हरेट मिले यांची दोन चित्रे पुरेशी आहेत.

पहिले १८७९ चे ‘चेरी राइप’. त्यातल्या मुलीचा पेहराव तिच्या काळातला नाही. सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७८८ मध्ये रंगवलेल्या पेनेलोपी बूथबी या मुलीचा तो वेश. ती पेनेलोपी १७९१ मध्ये, सहावे वर्ष पुरे होण्याआधीच वारली. अ‍ॅशबोर्नच्या चर्चमध्ये थॉमस बँक्सने घडवलेली तिची निद्रिस्त संगमरवरी मूर्ती आजही आहे. मिले यांच्यासमोर बसलेल्या मुलीने तो वेश हौसेने एका वेशभूषेच्या मेजवानीसाठी केला होता. ‘द ग्राफिक’ने १८८० च्या ख्रिसमस अंकाबरोबर या चित्राची रंगीत प्रत दिली आणि ते असंख्य घरांत पोचले. ज्या बालपणासाठी लोक हळवे झाले, ते त्यांचे स्वतःचे नव्हतेच. मृत मुलीचा वेश तेवढा उरला, मृत्यू गळून पडला.

दुसरे चित्र १८८६ चे, ‘अ चाइल्ड्स वर्ल्ड’. मिले यांचा चार वर्षांचा नातू साबणाचे पाणी आणि नळी घेऊन बसला आहे आणि वर तरंगणाऱ्या बुडबुड्याकडे पाहतो आहे. बुडबुडा म्हणजे क्षणभंगुर आयुष्य, हा सतराव्या शतकातील डच चित्रकारांचा परिचित संकेत. शेजारी एका कुंडीत रोप वाढते आहे. दुसरीकडे फुटलेले मडके पडले आहे. पुढे पेअर्स साबणाच्या टॉमस बॅरेट यांनी हे चित्र मिळवले, त्यात साबणाची वडी घातली आणि ते ‘बबल्स’ या नावाने घरोघरी गेले. वडी आली आणि बुडबुड्याचा अर्थच बदलला. जगाची नश्वरता दाखवणारी वस्तू साबणाच्या फेसाची ग्वाही देऊ लागली. तो नातू पुढे नौदलात अ‍ॅडमिरल झाला, तरी ‘बबल्स’ हे टोपणनाव त्याला आयुष्यभर चिकटून राहिले.

ही चित्रे भिंतीवर चढत होती, तेव्हा भिंतीबाहेर काय होते? इंग्लंडच्या १८७८ च्या कायद्याने कारखान्यातील कामाचे किमान वय दहा ठरवले. हिंदुस्थानच्या १८८१ च्या कायद्याने ते सात ठरवले; सात ते बारा वर्षांच्या मुलांना मुंबईच्या गिरण्यांत दिवसाला नऊ तास राबवता येत असे. हा विरोधाभास दाखवून त्या घरांना ढोंगी ठरवणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या काळी इंग्लंडात दर हजार जन्मांमागे सुमारे दीडशे मुले वर्षाच्या आत दगावत. ज्या घरात पाळणा रिकामा झाला होता, तिथे हे चित्र सजावट नव्हते. तो आधारही असू शकेल. म्हणून दोष टांगणाऱ्याचा कमी, मडके नजरेआड करायला शिकवणाऱ्या बाजाराचा अधिक.

आपल्याकडेही छापील बालरूप घरात आले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याने देवदेवतांची चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आणली. पण आपल्या परंपरेतला बाळकृष्ण लोणी चोरतो, माती खातो, यशोदेला जेरीस आणतो. त्याचे बालपण खोडकर आहे. ते पाहणाऱ्याच्या सोयीसाठी गप्प बसत नाही. पुढे कॅलेंडरांवर जी गुबगुबीत, विनातक्रार बाळे आली, त्यांचे नाते मला गोकुळापेक्षा ‘बबल्स’शी अधिक जवळचे दिसते.

तेव्हा अशा चित्राची पारख करताना मी दोन प्रश्न विचारतो. यातले मूल स्वतःसाठी काही करते आहे, की फक्त बघितले जाते आहे? आणि फुटलेले मडके चित्रकाराने चित्रात राहू दिले आहे का? मिले यांनी ते राहू दिले होते. साबणाची वडी पाहणाऱ्याला मात्र ते दिसेनासे झाले.