‘पियानो’ म्हणजे ‘हळू’? समूहगायनाचे शब्द आणि अर्थाचा प्रश्न

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या गायकवृंदात गातात असं मला सांगितलं गेलंय. तेव्हा विषय तुमच्याच कामाचा घेऊ. पाश्चात्त्य समूहगायनात जे इटालियन शब्द येतात, ते आपण शिकतो कसे? नव्या सभासदाच्या हातात सहसा एक कागद येतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. घरी जाऊन पाठ करा. माझी तक्रार या कागदाबद्दल आहे. त्यातल्या बहुतेक ओळी कोशात दाखवता येतील इतक्या बरोबर असतात; आणि तरीही तो कागद गायकाला गाताना फसवतो.

पहिलीच जोडी घ्या. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. (पियानो हे वाद्यही याच जोडीवरून आलंय बरं का. क्रिस्तोफोरीच्या नव्या वाद्यात आवाज लहानमोठा करता येई, म्हणून नावात ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’ दोन्ही होते. लांबलचक नावातलं पुढे एवढंच उरलं.) आता मराठी माणूस ‘हळू’ कधी म्हणतो? ‘हळू बोल, बाळ झोपलंय’ असं म्हणतो, आणि ‘हळू चाल, पायरी आहे’ असंही म्हणतो. पहिल्यात आवाजाची गोष्ट आहे, दुसऱ्यात गतीची. ‘जोरात’चंही तेच. ‘जोरात ओरडला’ आणि ‘जोरात पळाला’. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात आवाज आणि गती एकाच शब्दाच्या पोटात राहतात.

मग तालमीत काय होतं? पी आलं की वृंद रेंगाळतो, एफ आलं की धावतो. ही खोड जगभरच्या गायकवृंदांना आहे, त्यामुळे सगळं खापर मराठीवर फोडू नका. पण आपल्याकडे भाषा त्या खोडीच्या बाजूने साक्ष देते. दिग्दर्शक ‘हळू’ म्हणतो आणि गायक आज्ञाधारकपणे मंदावतो. मग दिग्दर्शक चिडतो. गायकाने तर सांगितलेलंच केलेलं असतं!

गंमत अशी, की खुद्द इटालियनमध्येही ‘पियानो’ला दोन्ही अर्थ आहेत. तिथेही सावकाश चालणारा माणूस ‘पियानो, पियानो’च चालतो. मग संगीतात गोंधळ का होत नाही? कारण तिथे या शब्दाच्या शेजारी लेंतो, अदाज्यो, लार्गो हे शब्द बसलेत. गतीचा प्रांत त्यांनी घेतला, पियानोकडे फक्त आवाज उरला. सोस्यूर हा भाषाशास्त्रज्ञ हेच सांगत होता. फ्रेंचमध्ये ‘मुतों’ म्हणजे मेंढीही आणि तिचं मांसही. इंग्रजीत मांसाला ‘मटन’ हा वेगळा शब्द आहे, म्हणून तिथल्या ‘शीप’चं मूल्य ‘मुतों’एवढं नाही. शब्दाची किंमत शेजारी कोण आहे यावर ठरते. दोन रकान्यांच्या कागदावर नेमके हे शेजारीच दिसत नाहीत.

‘आवाज चढवा’ हा तर आणखी धोक्याचा प्रयोग. भांडणात आवाज चढतो म्हणजे मोठा होतो. गायकाला वाटतं स्वर वर न्यायचा. ‘खालच्या आवाजात’चं तसंच. मोझार्टच्या ‘रेक्विएम’मधला ‘कन्फुतातिस’ आठवा. पुरुषांचे आवाज गर्जत असतात आणि मग स्त्रियांचे स्वर येतात, त्यांच्यावर लिहिलंय ‘सोत्तो व्होचे’. शब्दशः आवाजाच्या खाली. तिथे स्वर तिळभरही उतरवायचा नाही. जणू कुणी ऐकू नये अशी विनवणी करायची आहे.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. हिंदुस्थानी संगीताच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत नादाची तीन लक्षणं दिलेली असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. परीक्षेपुरती पाठ केलेली आणि नंतर विसरलेली! पण बघा, आपल्याला हवा तो भेद इथे स्वच्छ केलेला आहे. पियानो म्हणजे लहान नाद, फोर्ते म्हणजे मोठा. गतीसाठी विलंबित, मध्य, द्रुत आहेतच. ‘आवाज लहान करा, लय तीच’ एवढं म्हटलं की अर्धं भांडण मिटतं.

क्रेशेंदोकडे येऊ. कागद म्हणतो, ‘मोठा आवाज’. साफ चूक! हा शब्द ‘वाढणे’ या क्रियापदाचं चालू रूप आहे: वाढत वाढत. म्हणजे तो शब्द दिसतो त्या जागी तुम्ही अजून वाढलेले नसता. चांगल्या वृंदात त्या क्षणी काहीच घडल्यासारखं वाटत नाही, चार मात्रांनंतर कळतं. व्याकरण नीट सांगितलं असतं तर गाणं सुधारलं असतं, अशी ही दुर्मीळ जागा आहे. ‘मेझ्झा व्होचे’ आणि ‘मेस्सा दि व्होचे’ यांचीही अशीच गल्लत होते. पहिलं म्हणजे अर्धा आवाज. दुसरं म्हणजे एकाच स्वरावर आवाज फुलवून परत मिटवणं.

खरी पंचाईत अलेग्रोची. कोशात अर्थ ‘आनंदी’. आणि त्याच ‘रेक्विएम’मध्ये ‘दिएस इरे’, म्हणजे कोपाचा दिवस, जग भस्म होण्याचं वर्णन, त्यावर लिहिलंय ‘अलेग्रो असाई’. आनंदाने जळायचं का? १८१७च्या सुमाराला बेटहोव्हेनने मोझेल नावाच्या संगीतकाराला लिहिलेल्या पत्रात हीच तक्रार केली आहे: शब्द म्हणतो आनंदी, रचना असते नेमकी उलट. असले शब्द सोडून मेट्रोनोमचे आकडे द्यावेत, असा त्याचा तेव्हा विचार होता. पण ‘नववी सिंफनी’ १८२४ची. तिच्यात आकडेही आहेत आणि अलेग्रोही आहे. मला वाटतं शब्द टिकला यात शहाणपण होतं. आकडा वेग सांगतो, चाल सांगत नाही. भर्तृहरीने शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींत साहचर्य आणि विरोध धरले आहेत. हेंडेलच्या ‘मसाया’त मृत्यूच्या ओळीवर ‘ग्राव्हे’ आहे, पुनरुत्थानाच्या ओळीवर अलेग्रो. तिथला अलेग्रो ग्राव्हेच्या विरोधातून कळतो. (ग्राव्हे हा लॅटिन ‘ग्राविस’चा वंशज, आणि ‘ग्राविस’ आपल्या ‘गुरु’चा सख्खा भाऊ. जड, वजनदार. हा अर्थ मराठी गायकाला पाठ करावा लागू नये.)

आल्तो गाणाऱ्या बायकांना तर नावच फसवतं. आल्तो म्हणजे उंच, आणि त्या गातात सोप्रानोच्या खाली! पूर्वी मुख्य धून टेनर धरून ठेवायचा, त्याच्यावरचा आवाज तो उंच. म्हणजे नाव ठेवलं ते टेनरकडून मोजून.

मग सगळे शब्द मराठी करून टाकावेत का? मी म्हणेन, नको. परक्या शब्दाचा एक फायदा असतो: आपल्या घरात तो कुठे राबलेला नसतो. ‘पियानो’ ऐकून मराठी गायक आपणहून मंदावणार नाही. आपण त्याला ‘हळू’ शिकवलं म्हणून तो मंदावतो. गोव्याच्या पॅरिश शाळांत पोरं सॉल्फेजो शिकली ती गाऊन. तेव्हा कागद वाटायच्या आधी एक करा. तुम्हाला पाठ असलेली कुठलीही एक ओळ घ्या. ती लहान आवाजात जलद गा, मग लहान आवाजात संथ, मग मोठ्या आवाजात संथ आणि शेवटी मोठ्या आवाजात जलद. यातली पहिली आणि तिसरी जड जातील. ती जमेपर्यंत इटालियन शब्द उच्चारू नका. जमली की त्यांच्यावर नावं चिकटवा.

चला, प्रश्न घेऊ. आल्तोवाल्यांनी आधी विचारावं.