नापास करण्याने शाळा सुधारते काय?

पोरांना नापास करणे बंद झाले आणि शाळा बुडाल्या, हे वाक्य प्रस्थापितांच्या तोंडी असते तेव्हा मला नवल वाटत नाही. परंतु आपले कार्यकर्ते, शिष्यवृत्तीवर शिकून मास्तर झालेली आपली माणसेदेखील तेच म्हणू लागली आहेत. म्हणून या समजुतीची झडती घेणे भाग आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवू नये असे सांगितले. मुलांना तपासूच नका, असे त्यात कुठेही नव्हते. उलट सातत्याने मूल्यमापन करा, असे होते. मागे न ठेवण्याचा भाग सर्वांनी पाळला, कारण त्याला कष्ट लागत नाहीत. मूल्यमापन पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिले. 2019 मध्ये कायदा बदलला. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. शिकवले गेले नाही याचा दंड शिकणाऱ्यानेच भरायचा!

नापास केलेल्या मुलाला आपण नेमके काय देतो? तेच पुस्तक आणि बहुधा तोच मास्तर. पाचवीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही त्याचे घोडे दुसरीतच अडलेले असते. पाचवीचा धडा दोनदा ऐकवून ते पुढे सरकत नाही. शिकागो शहराने 1996 पासून नापास करून पाहिले. तिसरीत मागे ठेवलेल्यांना लाभ दिसला नाही, सहावीतले तर आणखी मागे पडले. याउलट मुंबई-बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मुळाक्षरांपासून शिकवले. त्याने फरक पडल्याची नोंद 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

'आम्ही धाकानेच शिकलो' हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही नापासाच्या काळातच शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. पण माझ्याबरोबर पहिलीत बसलेले आणि दोनदा नापास होऊन वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेले प्राध्यापकांच्या खोलीत चहा पीत मत द्यायला येत नाहीत. चाळणीवर उरलेल्या दाण्यांनीच चाळणीचे गुण गावेत, तसा हा प्रकार आहे.

12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी 18च चौथीला पोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. त्यावर त्यांनी कडक परीक्षा मागितली नाही. पैसा मागितला, अबकारीतून लोकांकडून जितका घेता तितका तरी शिक्षणावर खर्च करा, असे बजावले. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अडाणी समाजाला मुळीच उपयोगी नाही असे सांगून नांगर धरायला न लाजणारे, प्रशिक्षित, चांगल्या पगाराचे शिक्षक मागितले होते. हे दोन्ही दाखले आपल्या व्यासपीठांवर क्वचित निघतात. तसबिरींना हार मात्र न चुकता.

फेरपरीक्षेपूर्वीचे ते दोन महिने उन्हाळ्याच्या सुट्टीचे असतात. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात एवढे तरी विचारावे की त्या दिवसांत जादा शिकवणी किती दिवस झाली, कुणी घेतली, आणि आईबापांबरोबर कामावर गेलेले मूल तिथे पोचले कसे.