ओव्हिडचे ‘ट्रिस्टिया’ आणि कालिदासाचे ‘मेघदूत’ : प्रभाव की साधर्म्य?

प्रस्तावना :
तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ ही संज्ञा बऱ्याचदा सैलपणे वापरली जाते. दोन भाषांतील कृतींत सारखी कल्पना आढळली की एकीचा दुसरीवर प्रभाव गृहीत धरला जातो. लॅटिन कवी ओव्हिड आणि कालिदास यांच्या विरहकाव्यांच्या आधारे या गृहीताची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ओव्हिडचे वाचन इंग्रजी अनुवादांतून केलेले असल्याने छंद व शब्दकळा यांविषयी येथे दावा केलेला नाही.

साधर्म्याचे स्वरूप :
इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस (आजच्या रुमानियातील कॉन्स्टान्त्सा) येथे धाडले. एक काव्य आणि एक चूक, अशी दोन कारणे तो स्वतः देतो. चूक कोणती, ते मात्र सांगत नाही. पत्नी रोममध्येच राहिली. ‘ट्रिस्टिया’च्या पहिल्याच कवितेत तो आपल्या पुस्तकाला दूत करून, स्वतःला जाता येत नाही त्या नगरीत पाठवतो. रामगिरीवरील यक्षही मेघाला अलकेस पाठवतो. म. म. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील रामटेक, असे प्रतिपादन केले आहे; त्यामुळे भंडाऱ्यातील अभ्यासकास ही तुलना जवळची वाटणे स्वाभाविक आहे.

भेदाचे स्वरूप :
तथापि साधर्म्य येथेच संपते. यक्षाचा शाप एका वर्षाचा आहे. विष्णू शेषशय्येवरून उठताच, म्हणजे कार्तिकी एकादशीस, तो संपणार आहे. चारच महिने उरले आहेत. म्हणूनच यक्ष कुबेराकडे क्षमायाचना करीत नाही. त्याचे सारे बोलणे प्रियेसाठी आहे. ओव्हिडच्या शिक्षेला मुदत नाही. ‘ट्रिस्टिया’चा संपूर्ण दुसरा खंड ऑगस्टसला उद्देशून केलेली विनवणी आहे. ती फळली नाही आणि इ. स. १७ च्या सुमारास कवी टोमिसलाच मरण पावला.

दूतांचा प्रवासही विचारात घ्यावा लागतो. मेघाचे रेवा, विदिशा, उज्जयिनी असे सर्वत्र स्वागतच होणार आहे. उलट ‘ट्रिस्टिया’च्या तिसऱ्या खंडारंभी पुस्तक स्वतः बोलते : रोममध्ये पोहोचल्यावर ग्रंथालयाचा रक्षक त्याला हाकलून देतो. कालिदासाचा मार्ग सौंदर्याचा आहे, तर ओव्हिडचा मार्ग सत्तेच्या बंद दारांचा आहे.

प्रभावाचा प्रश्न :
रोमशी भारताचा व्यापार होता, एवढ्यावरून काव्यही आले असे म्हणता येत नाही. कालिदासाने लॅटिन काव्य ऐकल्याचा पुरावा नाही. प्रभाव कसा ओळखावा, हे याच दोन काव्यांच्या उत्तरपरंपरेतून शिकता येते. दक्षिण रशियात धाडलेल्या पुश्किनने १८२१ मध्ये थेट ओव्हिडला उद्देशून कविता लिहिली. मांडेलश्तामच्या १९२२ च्या संग्रहाचे नावही ‘ट्रिस्टिया’च आहे. धोयीचे ‘पवनदूत’ आणि वेदान्तदेशिकांचे ‘हंससंदेश’ यांत ‘मेघदूता’चा आराखडा उघड दिसतो. येथे नाव, रचना आणि परिचय यांची साक्ष आहे. ओव्हिड व कालिदास यांच्यात यांपैकी काहीच नाही.

निष्कर्ष :
डिसेंबर २०१७ मध्ये रोमच्या नगर परिषदेने ओव्हिडची शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला. सुमारे दोन हजार वर्षांनी दार उघडले. यक्षाला असा ठराव लागला नाही. हा भेदच दोन्ही काव्यांचे मोल सांगतो. प्रभावाचा आग्रह धरल्यास कालिदास ऋणको ठरतो आणि ओव्हिडची राजकीय वेदना केवळ विरहवर्णन होऊन बसते. यास्तव, पुरावा नसेल तेथे ‘साधर्म्य’ म्हणावे आणि भेदाचा शोध घ्यावा. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करताना आपण अध्यापकांनी एवढे पथ्य पाळणे आवश्यक आहे.