पडक्या घराची घरपट्टी : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

आचरा, मसुरे, देवबाग या परिसरातील कोणत्याही वाडीतून फिरताना कुलूपबंद घरे नजरेस पडतात. जांभ्याचे जोते, मंगलोरी कौले, ओटी, पडवी आणि माजघर अशी ही घरे चतुर्थीला उघडतात व पुन्हा बंद होतात. काही तेवढ्यापुरतीही उघडत नाहीत. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. माणसे घटली की घरे बंद पडतात, आणि कोकणातील पाऊस बंद घराला फार काळ उभे राहू देत नाही. शाकारणी दोन-तीन वर्षे चुकली की कौले सरकतात, वासे कुजतात, वाळवी लागते. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने अशा दुबळ्या छपरांची कसोटीच घेतली.

पडीक घरांचा उद्धार करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत द्यावी, असा उपाय जगभर सुचविला जातो. तो मालवण किनाऱ्याला कितपत लागू पडतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकारणीचे सूत्र

ग्रामपंचायत हद्दीतील घरपट्टी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली आणि 1960 च्या कर व फी नियमांनुसार आकारली जाते. डिसेंबर 2015 मधील दुरुस्तीने ही आकारणी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक हे या सूत्राचे घटक होत. त्यांत घराच्या स्थितीला स्थान नाही. दरवर्षी शाकारलेले शंभर वर्षांचे घर आणि छप्पर बसलेले तितकेच जुने घर या सूत्राला सारखेच दिसते. मालकाने मातीच्या भिंती काढून चिरा व सिमेंट वापरले, तर मात्र घराचा वर्ग बदलतो. घर नव्याने उभारले, तर घसाऱ्याचा लाभही जातो. म्हणजे निष्काळजीपणाला शिक्षा नाही आणि डागडुजीला बक्षीस नाही. मोठ्या दुरुस्तीला मात्र वाढीव कर आहे. नगरपरिषदांची जुनी पद्धत घरापासून मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्याच्या अंदाजावर आधारलेली होती. सुधारलेल्या घराचे भाडे वाढणार, म्हणून करही वाढणार, हा तर्क तिच्यातही होताच.

दोन तुलना

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 1997 मध्ये जुन्या इमारतींचे रूपांतर करून घरे बांधणाऱ्यांना, सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यावरील कर दहा वर्षे माफ केला. 2000 मध्ये ही सवलत नव्या बांधकामालाही लागू झाली. तिचा मोठा लाभ महागड्या नव्या घरांना मिळतो, अशी टीका झाली, आणि 2022 पासून नव्या निवासी बांधकामाची सवलत कमी करण्यात आली. सवलतीची व्याख्या सैल झाली, की पडक्या घराच्या नावाने नवे घर लाभ घेते, हा या अनुभवाचा धडा आहे.

दुसरी तुलना अधिक जवळची आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी गोठली, घरमालकांनी दुरुस्ती सोडली आणि चाळी ढासळू लागल्या. त्यावर शासनाने 1969 च्या अधिनियमाने दुरुस्ती उपकर बसविला व त्यासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण केले. पुढे ते काम म्हाडाकडे आले. या व्यवस्थेचे दोष सर्वपरिचित आहेत. परंतु इमारत कोसळणे ही केवळ मालकाची खाजगी बाब नाही, हे तत्त्व तिने मान्य केले. गिरगाव वा लालबागच्या उपकरप्राप्त चाळीत राहणाऱ्या मालवणी चाकरमान्याच्या खोलीला दुरुस्तीचा कायदा आहे. त्याच्या गावातील घराला केवळ घरपट्टीची पावती आहे.

सवलतीची मर्यादा

या पावतीतच प्रश्नाचे मर्म आहे. गावातील घरपट्टीची रक्कम छपराच्या खर्चापुढे अल्प असते. ती माफ केल्याने एकही वासा बदलला जाणार नाही. तरीही मुंबईतील वाटेकरी ती नियमित भरतो, कारण पावती हा त्याला आपल्या हिश्श्याचा पुरावा वाटतो. करआकारणीची नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले असले, तरी भावकीतील समजूत वेगळी आहे. घर आजोबांच्या नावावर, वाटेकरी अनेक, वाटप झालेले नाही. अशा वेळी एकाने छप्पर घातले, की इतरांना तो घर बळकावतो असे वाटते. आणि ज्याला घालायचे आहे, त्याला पैसे बुडण्याची भीती असते. या परिस्थितीत दुरुस्ती करणाऱ्या एकट्याच्या नावे करसवलत दिल्यास संशय आणखी वाढेल.

किनाऱ्यालगत आणखी एक अडचण आहे. सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची. तिने भरतीरेषेपासून 200 मीटरच्या ग्रामीण पट्ट्यात सर्वसाधारणपणे नव्या बांधकामास मनाई केली. अधिकृत जुन्या घराची, आहे त्या जोत्यावर दुरुस्ती मात्र चालते. 2011 व 2019 च्या अधिसूचनांनी अंतरे व अपवाद बदलले, तरी जुन्या जोत्याचे महत्त्व टिकून आहे. म्हणून येथे घर वेळीच न सावरल्यास पुन्हा बांधण्याची वाटही अवघड होते.

समारोप

यावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आहे त्या जोत्यावर व क्षेत्रफळात केलेल्या दुरुस्तीमुळे ठरावीक वर्षे घराचा वर्ग व घसारा बदलू नये. नव्या बांधकामास ही सूट नसावी. दुसरी, सवलत घराच्या नावे असावी, व्यक्तीच्या नव्हे. दुरुस्तीमुळे कोणाचाही हिस्सा वाढत वा घटत नाही, अशी नोंद आकारणी नोंदवहीतच व्हावी, आणि खर्चाची नोंद वाटपाच्या वेळी हिशेबात धरली जावी. तिसरी, घरपट्टी हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन असल्याने सवलतीची भरपाई शासनाने करावी. अन्यथा ओस पडलेल्या गावानेच आपल्या ओसपणाचा खर्च उचलावा, असे होईल.

करसवलत घर बांधून देत नाही. मात्र घर सावरू पाहणाऱ्या वाटेकऱ्याच्या मार्गातील कर आणि संशय हे दोन अडसर ती दूर करू शकते. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात नव्या निवासांची चर्चा पुष्कळ होते. उभ्या असलेल्या घरांचा विचार तिच्या आधी व्हायला हवा.